नाकारलेल्या पिशवीवरची चिठ्ठी

एखाद्या वस्तीत परदेशातून आलेली कुटुंबे राहू लागली, की तिथल्या कचरापेट्यांची चर्चा सुरू होते, आणि कोणत्याही देशात ती जवळजवळ एकाच वळणाने जाते. कोणीतरी ओसंडून वाहणाऱ्या पेटीचे छायाचित्र काढते. कागदाच्या डब्यात कोंबलेली प्लास्टिकची पिशवी, भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी गादी, फुटलेल्या पिशवीतून सांडलेले खरकटे त्यात दिसते. मग एक बाजू म्हणते, की या लोकांना शिस्तच नाही. दुसरी म्हणते, की नियमच इतके जाचक आहेत, तर परक्या माणसाने करावे तरी काय. वरवर विरुद्ध वाटणाऱ्या या दोन्ही बाजू माणसाच्या स्वभावाबद्दल बोलत असतात: एक त्याला बेशिस्त ठरवते, दुसरी असहाय. मला दोन्ही मान्य नाहीत. कोणती वस्तू कोणत्या डब्यात जाते हे ज्ञान त्या त्या गावाचे असते. ते घरच्या वळणातून किंवा संस्कारांतून येत नाही, ते शिकवावे लागते. शिकवण्याची पहिली जबाबदारी ज्याने नियम केले त्या गावाची आहे, आणि शिकण्याची जबाबदारी, कोणतीही सबब न सांगता, नव्याने आलेल्याची आहे.

एक साधी वस्तू घेऊन पाहू. हातातून निसटून पाणी प्यायचा पेला फुटतो. घरात काच वेगळी ठेवण्याचा नियम आहे, रस्त्याच्या कोपऱ्यावर काचेच्या बाटल्यांसाठी मोठी पेटी आहे. विचारी माणूस काय करील? तुकडे नीट गोळा करून त्या पेटीत नेऊन टाकील, आणि आपण योग्य तेच केले असे समजेल. प्रत्यक्षात अनेक देशांत हे चूक आहे. पेल्याची, आणि त्याहूनही ओव्हनमध्ये चालणाऱ्या भांड्याची काच बाटलीच्या काचेपेक्षा अनेकदा वेगळ्या घडणीची असते आणि ती वेगळ्या तापमानाला वितळते. तिचा लहानसा कण न वितळता नव्या बाटलीच्या भिंतीत राहिला, तर ती बाटली तिथेच तडकते. म्हणजे फुटलेला पेला उरलेल्या, रिसायकल न होणाऱ्या कचऱ्यात जायला हवा. तर्काने हे कोणाला कळेल? दुकानातली पावती कागदाचीच दिसते, पण उष्णतेने छापल्या जाणाऱ्या त्या कागदावर रसायनाचा थर असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो रद्दीत चालत नाही. सगळा सुका कचरा एका पिशवीत घालून, तिला घट्ट गाठ मारून डब्यात ठेवणे हे नीटनेटकेपणाचे लक्षण वाटते. पण वर्गीकरण केंद्रातल्या फिरत्या चकत्यांमध्ये तीच पिशवी गुंडाळली जाते, आणि ती कापून काढण्यासाठी सगळी यंत्रे बंद करावी लागतात. प्लास्टिकच्या डब्याखालचा बाणांचा त्रिकोण पाहून तो रिसायकल होतो असे कोणालाही वाटावे, परंतु त्यातला १ ते ७ हा आकडा १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने प्लास्टिकचा प्रकार ओळखण्यापुरता ठरवला होता. गोंधळ इतका वाढला, की २०१३ साली त्या मानकात बाण काढून साधा त्रिकोण आणावा लागला. जुने साचे मात्र अजून चालूच आहेत. ही उदाहरणे मी मुद्दाम दिली, कारण यांतल्या कोणत्याही चुकीमागे निष्काळजीपणा नाही. उलट जो काळजीपूर्वक विचार करतो, तोच यांत फसतो.

शिवाय एका देशात शिकलेले दुसऱ्या देशात उपयोगी पडेलच असे नाही; बऱ्याचदा ते वाटेत आडवे येते. निळा डबा एके ठिकाणी फक्त कागदाचा असतो, दुसऱ्या ठिकाणी तो काच, धातू आणि प्लास्टिक एकत्र घेतो. जपानमध्ये ‘जळणारा’ आणि ‘न जळणारा’ अशी विभागणी सर्रास आहे, पण प्लास्टिकची एखादी वस्तू यांपैकी कशात मोडते हे त्या नगरपालिकेकडे कचरा जाळण्याची कोणत्या प्रकारची भट्टी आहे यावर ठरते. त्यामुळे शेजारच्या शहरात घर बदललेला जपानी माणूससुद्धा पहिल्या आठवड्यात नवखाच असतो. त्याच देशातील कामिकात्सु या डोंगरी गावाने २००३ साली शून्य कचऱ्याचा संकल्प केला, आणि तिथे पुढे कचऱ्याचे ४५ प्रकार झाले. ज्या जर्मनीचे नाव या बाबतीत आदराने घेतले जाते, तिथे वेष्टनांचा कायदा १९९१ सालचा आहे. तरीही जवळपास तीन दशकांनी, २०२० साली, कोणत्या डब्यात काय टाकावे हे सांगणारी देशव्यापी मोहीम तिथे नव्याने सुरू करावी लागली. ती मोहीम काही फक्त परदेशी लोकांसाठी नव्हती.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि तो मी पूर्णपणे मान्य करते. चुकीच्या वर्गीकरणाने होणारे नुकसान खरे आहे. ओला कचरा सांडलेला कागद कारखाना घेत नाही. उघड्या पिशवीतली सुई किंवा काच सफाई कामगाराच्या हातात घुसते, आणि तो हात टाकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कधीच येत नाही. लिथियमची बॅटरी सामान्य कचऱ्यात टाकली, की गाडीत दाबली जाताना ती पेट घेऊ शकते. कचऱ्याच्या गाड्यांना आणि वर्गीकरण केंद्रांना अशा आगी लागतात. चीनने २०१८ साली बाहेरच्या देशांतून येणाऱ्या कचऱ्याचे २४ प्रकार बंद केले आणि उरलेल्या बऱ्याच मालात भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली, तेव्हा युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांना आपण वर्षानुवर्षे ‘रिसायकल’ म्हणून पाठवत असलेला माल किती मळलेला होता हे उमगले. तेव्हा ‘एका घराने चुकीच्या डब्यात टाकले तर काय बिघडले’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बिघडते, आणि ज्याचे बिघडते तो सहसा सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो.

पण नुकसान खरे आहे यावरून ते कोणामुळे होते हे सिद्ध होत नाही. सामाईक पेटीत कोणी काय टाकले हे कोणी पाहिलेले नसते. संशय मात्र लगेच जागेवर जाऊन बसतो: जो अलीकडे आला, ज्याची भाषा वेगळी, ज्याच्या घरी माणसे जास्त, त्याच्यावर. हाच तर्क याआधी किती महागात पडला आहे, हे इतिहासात नोंदलेले आहे. १८९२ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसे दगावली. अमेरिकेला जाण्यासाठी रशियातून आलेले हजारो स्थलांतरित, त्यांत बहुसंख्य ज्यू, तेव्हा बंदराजवळच्या बराकींत राहत होते. बोट त्यांच्याकडे दाखवले गेले. रोग शहरात कोणी आणला यावर वाद घालता येईल, परंतु तो घरोघर पोहोचला तो नळातून. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पुरवत होते. लागूनच, नदीच्या खालच्या बाजूला असलेले आल्टोना वाळूतून गाळून तेच पाणी पुरवत होते, आणि आल्टोना बऱ्याच अंशी वाचले. दोन गावांमधली हद्द काही ठिकाणी एका रस्त्याची होती. रस्त्याच्या एका बाजूला माणसे मरत होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. आपल्या विषयाशी जोडलेला भाग यापुढचा आहे. साथीनंतर आसपासचे शेतकरी शहराचा कचरा शेतात घ्यायला तयार होईनात, तेव्हा हॅम्बुर्गने कचरा जाळण्याची भट्टी बांधली, आणि १८९६ पासून ती नियमित चालू लागली. शहर सुधारले, कारण त्याने पाण्याकडे आणि कचऱ्याकडे पाहिले; बराकींकडे बोट दाखवत राहिले असते तर पुढची साथही आली असती.

‘पण अनेक परदेशी कुटुंबे सगळे नियम चोख पाळतात, मग बाकीच्यांना काय झाले?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो वाजवी आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर पाळणाऱ्यांना कोणी शिकवले हे विचारावे लागते. मी स्वतः परक्या देशात राहायला गेले, तेव्हाची गोष्ट सांगते. पहिल्याच महिन्यात एका सकाळी खाली उतरले तर सगळ्यांच्या पिशव्या उचलल्या गेल्या होत्या आणि माझी एकटी पेटीच्या बाजूला उभी होती. तिच्यावर एक छापील चिठ्ठी चिकटवली होती, तीत चार चौकोन होते आणि तिसऱ्या चौकोनावर लाल खूण होती. माझी नेमकी चूक काय, हे त्या चिठ्ठीत स्पष्ट लिहिलेले होते; तिथली लिपी मला वाचता येत नव्हती, एवढेच. मी पिशवी उचलून परत वर न्यावी की तशीच ठेवावी अशा विचारात उभी असताना तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, आतून फवाऱ्याचा एक पत्र्याचा डबा काढला, तो कानाशी धरून हलवला, तोंडाने ‘फुस्स’ असा आवाज केला आणि दोन्ही हात फुलवून स्फोट दाखवला. मग मला आत नेऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुढच्या आठवड्यातल्या बुधवारवर बोट ठेवले. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. डब्यात दाब शिल्लक असेल तर गाडीत तो फुटतो, आणि म्हणून त्याचा वार वेगळा आहे, हे मला त्या पाच मिनिटांत कायमचे कळले. चिठ्ठीला ते जमले नव्हते.

अशा आजी प्रत्येक जिन्यात असतील यावर एखाद्या शहराने विसंबून राहावे का? ज्या शहरांना निकाल हवा होता ती विसंबून राहिली नाहीत. जपानमधील योकोहामा शहराने २००३ साली २०१० पर्यंत कचरा ३० टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले, त्यासाठी वर्गीकरणाचे प्रकार वाढवले, आणि हे नवे नियम समजावण्यासाठी वस्तीवस्तीत सुमारे ११,००० सभा घेतल्या. सकाळी कचरा टाकण्याच्या जागी उभे राहून माणसांना दाखवले. २००५ सालीच लक्ष्य गाठले गेले आणि दोन भट्ट्या बंद करता आल्या. इथे माझा सगळा युक्तिवाद एका आकड्यात आहे. जे लोक त्याच शहरात जन्मले, तीच भाषा बोलतात, ज्यांना शेजारी आहेत आणि वर्तमानपत्र वाचता येते, त्यांना नवे नियम कळावेत म्हणून ११,००० सभा लागल्या. आणि विमानतळावरून दोन बॅगा घेऊन आलेल्या माणसाला एक घडीचे पत्रक मिळते, तेही मिळाले तर. मग त्याची चूक झाली, की ती त्याच्या संस्कृतीची म्हणायची?

मुळात कोणताच समाज डबा घेऊन जन्माला आलेला नाही. पॅरिसचे प्रशासक यूजेन पूबेल यांनी १८८३ च्या अखेरीस हुकूम काढला, की जानेवारी १८८४ पासून प्रत्येक इमारतीच्या मालकाने झाकणाचे डबे ठेवावेत: सडणाऱ्या कचऱ्याचा एक, कागद आणि चिंध्यांचा दुसरा, काच आणि फुटक्या भांड्यांचा तिसरा. आजच्या वर्गीकरणाची ही रूपरेषा जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची आहे. तिला विरोध केला तो पॅरिसच्याच लोकांनी. घरमालकांना खर्च नको होता, आणि रस्त्यावरच्या ढिगातून चिंध्या वेचून पोट भरणाऱ्यांची रोजी जात होती. डबा टिकला, त्याला पूबेल यांचेच नाव पडले, परंतु वर्गीकरणाचा भाग फारसा रुजला नाही. तो तिथे खऱ्या अर्थाने परतायला विसावे शतक संपत यावे लागले. न्यूयॉर्कची गोष्ट याहून बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या पूर्वेकडच्या गरीब वस्त्या घाणीसाठी कुप्रसिद्ध होत्या, आणि घाणीचे कारण म्हणून तिथल्या इटालियन, ज्यू, आयरिश रहिवाशांकडे पाहिले जाई. १८९५ साली जॉर्ज वेअरिंग यांच्याकडे रस्ते सफाईचे खाते आले. तोवर खात्यातल्या नेमणुका राजकीय वशिल्याने होत. वेअरिंग यांनी कामगारांना पांढरा गणवेश आणि नियमित काम दिले, घरांना राख, खरकटे आणि सुका कचरा वेगळा ठेवायला लावले, आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांत शाळकरी मुलांची सफाई मंडळे उभी केली. ती मुले शाळेत शिकलेले घरी आईवडिलांना त्यांच्या भाषेत सांगत. रस्त्यांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे उपलब्ध आहेत. गुडघाभर साचलेल्या घाणीच्या जागी मोकळी फरसबंदी दिसते. माणसे तीच होती. त्यांच्याकडे गाडी ठरलेल्या वेळी येऊ लागली होती आणि काय करायचे ते त्यांना समजेल अशा भाषेत सांगितले गेले होते.

इथपर्यंत वाचून दुसऱ्या बाजूला वाटेल, की मी त्यांच्याच बाजूने बोलते आहे. तसे नाही. ‘त्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी नियम सैल करा’ ही भूमिका मला कठोर टीकेपेक्षा जास्त खटकते, कारण तिच्यात माणसाला शिकता येते यावरचा विश्वासच नसतो. जी व्यक्ती नव्या देशात बँकेचे खाते उघडते, मुलांना शाळेत घालते, करपत्र भरते, तिला आठवड्याचे चार वार लक्षात ठेवणे अशक्य आहे असे म्हणणे तिचा अपमान आहे. सगळे एकाच डब्यात टाका, यंत्रे पुढचे पाहतील, हा उपायही पुरा पडत नाही. यंत्र ओला झालेला कागद कोरडा करून देत नाही, आणि काचेचा चुरा एकदा कागदात मिसळला की तो पूर्णपणे निघत नाही. म्हणून नव्याने आलेल्याचे कर्तव्य मला स्पष्ट दिसते, आणि ते फार मोठे नाही. घर घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात कोणत्या दिवशी कोणती गाडी येते हे विचारून घ्यावे. बॅटरी, फवाऱ्याचे डबे, औषधे, रंग आणि विजेवर चालणाऱ्या वस्तू या रोजच्या डब्यात टाकू नयेत, हे जवळजवळ सगळीकडे लागू पडते. तेवढे आधी पाठ करावे. आणि बाकी एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर ती रिसायकलिंगच्या डब्यात आशेने टाकण्याऐवजी उरलेल्या कचऱ्यात टाकावी. एक वस्तू वाया जाते, पण भरलेला डबा वाचतो.

दंडाचा आग्रह धरणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. पैशाचा धाक उपयोगी पडतो, हे खोटे नाही. दक्षिण कोरियाने १९९५ पासून कचऱ्याच्या पिशव्या विकत घ्यायला लावल्या, स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेनने तर १९७५ सालीच, आणि दोन्हीकडे कचरा घटला. पण तिथे पैसा पिशवी घेतानाच द्यावा लागतो, म्हणजे नियम कळण्याची वाट आधी मोकळी होते. कोरियातल्या अनेक संकुलांत खरकट्याचा डबा कार्ड लावल्यावरच उघडतो, आत टाकलेल्याचे वजन करतो आणि तेवढाच आकार लावतो. ते समजायला कोरियन यावी लागत नाही. तैवानमध्ये कचऱ्याची गाडी ठरावीक धून वाजवत येते आणि माणसे पिशवी घेऊन खाली उतरतात. निरक्षर माणसालाही ती धून दुसऱ्या दिवशी ओळखता येते. डेन्मार्कने २०१७ साली प्रत्येक प्रकारासाठी एकच रंग आणि एकच चित्र ठरवले, आणि शेजारच्या उत्तरेकडील देशांनीही ती चित्रे उचलली. याउलट समजावण्याआधी येणारा दंड माणसाला वर्गीकरण शिकवत नाही, रात्री दूरच्या पेटीजवळ गुपचूप पिशवी ठेवून यायला शिकवतो.

राहिला खर्चाचा प्रश्न: करदात्यांनी आठ-दहा भाषांतली पत्रके का छापावीत? माझ्या मते पत्रके हा या कामाचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. चिठ्ठीवर आज शब्द छापले जातात त्याच जागी बॅटरीचे, फवाऱ्याच्या डब्याचे, फुटलेल्या पेल्याचे चित्र छापता येते आणि कागद तेवढाच लागतो. त्याहून महत्त्वाची एक वेळ आहे, आणि ती जवळजवळ सगळीकडे वाया जाते. भाड्याच्या घराची किल्ली हातात देताना घरमालक किंवा त्याचा माणूस विजेचा मीटर दाखवतो, पाण्याचा मुख्य नळ दाखवतो, भिंतीवरचे जुने चरेही मोजून लिहून घेतो. त्याच फेरीत भाडेकरूला घेऊन दोन जिने खाली उतरावे, एकेका डब्याचे झाकण उघडून आत काय आहे ते दाखवावे, गाड्यांचे वार दिनदर्शिकेवर त्याच्याच हाताने मांडून घ्यावेत, आणि एवढे झाले अशी सही करारावर दोघांनी करावी. याला दहा मिनिटे लागतात. सामाईक पेट्या असलेल्या प्रत्येक इमारतीसाठी नगरपालिकेने हे सक्तीचे करावे, अशी माझी मागणी आहे. आणि ज्या दिवशी अशी सही असूनही कोणी गादी रस्त्यावर टाकील, त्या दिवशी त्याच्याकडून पूर्ण दंड वसूल करायला माझी काहीही हरकत नसेल.